मागच्या दाराचं गाठोडं

शनिवारी दुपारी कपडे सुकवायचं मशीन एकदा खोकलं, पुन्हा खोकलं आणि गप्प बसलं. धाकट्याने त्याला आधी हाताने थोपटलं, मग पायाने थोपटलं आणि शेवटी हातातला पाना टेबलावर टाकून जाहीर केलं, की सोमवारशिवाय कारागीर मिळणार नाही. बाहेर धुकं असं दाटलेलं, की गच्चीवर टाकलेला रुमालसुद्धा सुकला नसता. आणि लाँड्रीत टोपल्याच्या टोपल्या ओल्या चादरी.

"पुढच्या दाराच्या गिऱ्हाइकांना मी फोन करून सांगतो," धाकटा म्हणाला. "मागच्या दाराच्यांचं तुमचं तुम्ही बघा, वहिनी. त्यांना फोन तरी कसा करायचा? नावं तुम्ही सांगणार नाही."

"नाहीच सांगणार," थोरली म्हणाली.

पुढच्या दाराने आलेल्या कपड्यांवर शाईने नंबर पडायचा, पावती फाटायची, सगळं रीतसर. मागच्या दाराचा कारभार मात्र निराळा होता आणि तो सासूबाईंनी चालू केलेला होता. चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं, की खराब चादरींचं गाठोडं मागच्या पायरीवर येऊन पडायचं. कुणी आणलं ते बघायचं नाही. कुणाचं ते ओळखायला रविवारच्या उपासनेतल्या रिकाम्या जागेकडे एक नजर टाकली तरी बहुतेकदा पुरायचं. मग चादरीच्या कोपऱ्यात त्या घराच्या रंगाचा एक टाका घालायचा, धुवायचं, कडक इस्त्री करायची आणि संध्याकाळी त्या दाराशी ठेवून, कडी वाजवून, मागे न बघता निघून यायचं. त्याचे पैसे नाहीत की आभार नाहीत. कुठला रंग कुठल्या घराचा हे घरातल्या एकाच बाईला ठाऊक असायचं. सासूबाई शेवटच्या दुखण्यात थोरलीला म्हणाल्या होत्या, "लोक मदत घेतात गं, पण घेताना कुणी बघितलं तर मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना." थोरलीने हे इतकं मनावर घेतलं, की सख्ख्या जावेलाही तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

"उद्या ताई येते आहे," धाकटा हात पुसत म्हणाला. "उपासना झाली की तिथेच पाळकांच्या खोलीत बसू आणि दादाचं काय ते एकदा ठरवून टाकू."

"ठरवायचं काय त्यात? बरे आहेत हे. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात."

"परवा मी वर आलो तेव्हा काठी कोळ्याच्या जाळ्यात उभी होती, वहिनी."

"परवा त्यांना सर्दी होती."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. धाकटी चादर पिळत होती, ती पिळतच राहिली. या घरात भांडण निघालं की तिला हमखास काहीतरी पिळायला सापडायचं.

खरी गोष्ट अशी होती, की थोरला गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन पडला तो परत उभा राहिलाच नव्हता. एकेकाळी याच माणसाने मंडळीचं गायनमंडळ असं धाकात ठेवलं होतं, की एखाद्याचा सूर घसरला तर तो आठवडाभर रस्ता बदलून जायचा. आता त्याच्याकडे एकच शब्द उरला होता, "बरं". भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. थोरलीला त्यातला फरक बरोबर कळायचा. त्याला लघवीचं भान राहिलं नव्हतं. रोज त्याच्या चादरी निघत आणि थोरली त्या खाली लाँड्रीत न आणता वरच्या न्हाणीघरात टबात धुवायची, दार लावून. खाली आणल्या असत्या तर धाकट्याला कळलं असतं. धाकट्याकडून वन्संना कळलं असतं. आणि वन्सं पडल्या मोठ्या इस्पितळात परिचारिकांच्या प्रमुख. त्यांनी दुसऱ्याच दिवशी भावाला उचलून पलीकडच्या शहरातल्या शुश्रूषागृहात नेलं असतं. तिथे जागाही बघून ठेवली होती त्यांनी. तिथल्या अनोळखी माणसांना त्याच्या 'बरं'चे अर्थ कोण सांगणार? नवरा घरातून जाता कामा नये, मग त्यासाठी खोटं बोलावं लागलं तर देवाघरी जाऊन त्याचं बघू, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती तर तिने देवालाही नीटशी सांगितली नव्हती. तिचे डोळे गेले होते, म्हणजे जायला लागले होते. निळा दोरा, हिरवा दोरा, काळा दोरा, सगळे उंदराच्या रंगाचे दिसायचे. गेले कित्येक आठवडे ती अंदाजाने चादरी वाटत होती. पण कुणाची तक्रार आली नव्हती, म्हणजे अंदाज बरोबरच असणार, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली होती.

"मंडळीच्या हॉलमध्ये टाकू या का?" धाकटी एकदम म्हणाली. "शनिवारची तिथली सफाई माझ्याकडेच आहे, किल्ली आहे माझ्याजवळ. हीटर लावून ठेवू. इकडच्या खिडकीपासून तिकडच्या खिडकीपर्यंत दोऱ्या बांधल्या की झालं. सकाळी लोक यायच्या आत काढून घेऊ."

थोरलीला ते पटलं. हाताशी दुसरं होतं तरी काय? तिने होकार दिला आणि ती वर नवऱ्याला जेवण भरवायला गेली. थोड्या वेळाने धाकटी चिमटे न्यायला म्हणून वर येऊन गेली. न्हाणीघरातून चिमट्यांची पिशवी घेऊन ती गेली तेव्हा पिशवी जरा जास्तच फुगलेली होती, पण ते दिसायला डोळे धड हवेत ना.

*

रविवारी सकाळी नेमका थोरल्याने घोळ घातला. थोरलीने त्याला स्वच्छ केलं, कपडे बदलले, शेजारच्या मुलीला त्याच्यापाशी बसवलं आणि ती धापा टाकत हॉलवर पोचली, तर आत पांढरी भिंत. चादरी अजून लटकत होत्या.

"अगं, काढल्या का नाहीस?"

"ओल्या आहेत अजून," धाकटी म्हणाली. "हीटर मध्येच बंद पडला. आपल्या घराण्याचं आणि यंत्रांचं काय वैर आहे कळत नाही. पण निदान रंगांप्रमाणे वेगळ्या तरी करू. तुम्ही दोरे बघून सांगा, जाऊबाई, मी वेगवेगळ्या टोपल्यांत टाकते. नाव नका सांगू, नुसता रंग सांगा."

थोरलीने जवळच्या चादरीचा कोपरा उचलला. खिडकीकडे नेला. डोळ्यांजवळ नेला. नाकाला लावला.

"निळा," ती म्हणाली.

"लाल आहे तो," धाकटी हळूच म्हणाली.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि लोक यायला लागले.

आता खरं तर कुणी विचारायला हवं होतं, की अहो, या चादरी कसल्या? पण ही मंडळी अशी, की विचारणार नाही. मागच्या दाराचं गाठोडं ज्याच्या घरून येत होतं, तो आपली चादर बघून न बघितल्यासारखं करून पुढे सरकला. ज्याच्या घरून येत नव्हतं, त्याला वाटलं आज काही विशेष कार्यक्रम असेल, आपल्यालाच सूचना मिळाली नसेल. सगळे ओल्या चादरींमधून वाट काढत आपापल्या बाकावर जाऊन बसले. कुणाच्या डोक्यावर चादरीचं टोक टपटपत होतं, तो मान वाकडी करून बसला. पुढच्या रांगेत कंत्राटदार, मंडळीच्या पंचांचे प्रमुख, नव्या कोटात ताठ बसले आणि समोरची चादर त्यांच्या नाकाला लागत होती तरी त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. वन्सं रात्रीच्या गाडीने येऊन स्टेशनवरून थेट इथेच आल्या होत्या, त्या धाकट्याशेजारी बसल्या. मंडळी नाही, गच्चीवर अडकलेलं बिऱ्हाड वाटावं असा देखावा होता.

पाळक तरुण होते आणि उंच होते. ही त्यांची पहिलीच मंडळी. इथे कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही, सगळे दारापर्यंत हसतात आणि दार लावून घेतात, या दुःखाने ते आल्यापासून झुरत होते. आज ते आत आले, दोन चादरी बाजूला सारल्या, तिसरीत गुरफटले, बाहेर निघाले आणि मंडळीकडे बघू लागले. मंडळी त्यांच्याकडे बघत होती. कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी प्रार्थना सुरू केली.

थोरली मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती. कसंबसं हे आटपू दे, एवढंच ती मागत होती.

प्रार्थना संपली आणि मास्तरीणबाई उठल्या.

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अर्ध्या मंडळीने त्यांचा मार खाल्लेला असल्यामुळे दरारा कायम होता. त्यांच्या बायकोचं अलीकडे विसरायचं वाढलं होतं. त्या उठल्या, रांगेतून बाहेर आल्या आणि एका चादरीचं टोक धरून म्हणाल्या, "ही आपली आहे."

"खाली बस," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"आपलीच आहे. हे ठिगळ मी लावलंय. बघा ना, टाका माझा आहे. तुम्ही हल्ली मला ही घालत नाही, ती फुलाफुलांची घालता."

मास्तरांची मान खाली गेली होती. सासूबाईंनी जन्मभर जपलेली झाकली मूठ अशी सगळ्यांदेखत उघडी पडत होती आणि थोरली बसल्या जागेवरून काहीच करू शकत नव्हती.

मग मास्तर उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला.

"हो. आमची आहे," ते म्हणाले. "हिला आता कळत नाही. अंथरूण ओलं होतं. पूर्वी आमची चादर धुऊन आमच्याकडेच यायची. अलीकडे मात्र दुसऱ्याच कुणाची फुलांची चादर येते. मी विचारलं नाही. कुणाला विचारणार? मला इतके दिवस वाटत होतं, या मंडळीत असं घर आमचं एकट्याचंच आहे. आणि मग ती फुलांची आली. म्हटलं, म्हणजे आणखी एक घर आहे. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं."

दुसऱ्या बाजूने बाक करकरला. बेकरीवाली उभी राहिली. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली बाई, पण आज तिचा आवाज पातळ झाला होता.

"ती फुलांची माझी, मास्तर. माझे सासरे आहेत झोपून."

"हो का?" मास्तर म्हणाले. "छान झोप लागते हो हिला तिच्यावर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि एकदा एक हसला म्हटल्यावर दुसऱ्याला धीर आला.

"आणि मला निळ्या काठाची येते," बेकरीवालीचा आवाज आता जागेवर आला होता. "जाड आहे, मऊ आहे. सासरे म्हणतात, कुणा बड्या घरचं दिसतंय काम. परत मागू नये त्यांनी म्हणून मी रोज प्रार्थना करते."

मंडळीत बडं घर एकच होतं. कुणी मुद्दाम वळून बघितलं नाही, पण माना काही ऐकेनात. कंत्राटदारांचे कान लाल झाले. त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, की आई बहिणीकडे हवापालटाला गेली आहे.

"आई घरीच आहे," ते कोटाच्या बटणाशी खेळत म्हणाले. "मागच्या खोलीत. चादर राहू द्या तुमच्याकडे. मला तुमच्या दोन चादरी आल्यात, त्या आईला आवडतात. त्यांना पावाचा वास येतो म्हणते."

मग मात्र बांधच फुटला. इकडून एक उठला, तिकडून एक उठली. ही आमची, ही मुलाची, ही माझ्या बहिणीची, ती लोकांत येत नाही म्हणून तुम्हाला माहीत नाही. अरे, तुमच्याकडे पण? कधीपासून? आणि आम्ही समोरासमोर राहतो की हो. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या ती माणसं एकमेकांचे हात धरून डाग कशाने निघतात ते सांगत होती. पाळकांनी बायबल मिटून बाजूला ठेवलं आणि एका चादरीचं टोक धरलं. दुसरं टोक कंत्राटदारांनी धरलं. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, समोर माणूस लागतोच. थोड्या वेळात सबंध हॉलभर माणसं दोघंदोघं चादरी धरून, ताणून, एकमेकांकडे चालत होती. ऑर्गन वाजवणाऱ्याने काही सुचेना म्हणून आनंदाचं गाणं धरलं, तर लोक घड्या घालता घालता ते गाऊ लागले. गायनमंडळाला इतकी वर्षं जमला नव्हता तो जोर त्या दिवशी आला.

थोरली मागे बसून बघत होती. तिला रडू येत होतं आणि आपण का रडतो आहोत ते तिला बरोबर ठाऊक होतं. इतकी वर्षं तिने या सगळ्यांचं गुपित राखलं आणि त्या राखण्यापायी प्रत्येकाला वाटत राहिलं, की आपण एकटेच.

गाणं संपलं तेव्हा दोरीवर एकच चादर उरली होती.

तिच्या कोपऱ्यात कुठल्याच रंगाचा टाका नव्हता. कडेने बारीक विणलेली लेस होती. थोरलीला लांबून लेस दिसली नाही, पण एकच चादर उरली आहे एवढं दिसलं आणि ती कुणाची ते तिच्या लक्षात आलं. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी सरळ तिच्याचकडे बघत होती.

"ही कुणाची?" पाळकांनी विचारलं.

वन्सं सावकाश उठल्या. चादरीपाशी जाऊन त्यांनी लेसवरून बोट फिरवलं. ती लेस त्यांच्या आईने विणलेली होती.

थोरलीला नाही म्हणणं अगदी सोपं होतं. लाँड्रीतली असेल कुणाची तरी, असं म्हटलं असतं तर वन्संशिवाय कुणाला काही कळलं नसतं आणि वन्संनी चारचौघांत घरची अब्रू काढली नसती. हो म्हटलं तर आज संध्याकाळी नवरा शुश्रूषागृहात. पण मास्तर उभे राहिले होते. कंत्राटदार उभे राहिले होते. यांच्या सगळ्यांच्या चादरी धुणाऱ्या बाईने आपली तेवढी टबात दडवायची, हे तिचं तिलाच सहन होईना.

ती उठली.

"ही आमची," थोरली म्हणाली. "ह्यांची. ते चालत नाहीत, भाऊजी. वन्सं, मी तुम्हाला फोनवर खोटं सांगत होते. त्यांना कशाचंच भान नाही. मी रोज वर टबात धुते." तिने श्वास घेतला. आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे. "आणि तुमच्या सगळ्यांच्या चादरी अदलाबदल झाल्या त्या माझ्यामुळे. मला दोरे दिसत नाहीत. कधीपासून दिसत नाहीत. तक्रार आली नाही म्हणून मला वाटलं, बरोबर जातायत."

"मग विचारायचं ना कुणाला तरी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्यावर जे हसू फुटलं त्यात मास्तरही होते आणि कंत्राटदारही होते, आणि थोरलीला हसावं की रडावं कळेना म्हणून तिने दोन्ही केलं.

*

पाळकांच्या खोलीत टेबल लहान आणि खुर्च्या कमी. घरची चौघं कशीबशी बसली. चहा आला, पण कुणी हात लावेना.

"तुला हे माहीत होतं?" धाकट्याने बायकोला विचारलं.

"एकाच घरात राहतो आपण. माझं नाक शाबूत आहे," धाकटी म्हणाली. "चादर मीच टबातून उचलली. सुकवायलाच नेत होते आधी. मग म्हटलं, लटकू दे सगळ्यांबरोबर. जाऊबाई, रागवायचं तर रागवा. दार लावून तुम्ही धुता ना, त्या आवाजाने मला झोप येत नाही."

थोरलीला रागवायला वेळच मिळाला नाही, कारण वन्सं बोलायला लागल्या होत्या.

"वहिनी, तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण डोळे अधू आणि माणूस लोळागोळा. त्याला दिवसरात्र कूस बदलायला लागते. पाठ सडेल त्याची. तुम्ही त्याला उचलताना पडलात तर दोघंही जाल. एकटीचं काम नाही हे."

"ताई म्हणते ते बरोबर आहे," धाकटा म्हणाला, पण बायकोची नजर चुकवून म्हणाला.

"बरोबरच आहे," थोरली म्हणाली. "एकटीचं नाहीच. पण तिथे त्यांना कोण समजून घेईल, वन्सं? पाणी हवं असलं की ते बरं म्हणतात आणि पुरे झालं तरी बरंच म्हणतात."

वन्संचा चेहरा हलला. काही झालं तरी सख्खा भाऊ होता तो. दारावर टकटक झाली. बेकरीवालीने आत डोकं घातलं.

"मी ऐकत नव्हते," ती म्हणाली, "पण ऐकू आलं. पहाटे भट्टी पेटवायला मी उठतेच. सासऱ्यांची कूस बदलते, मग तुमच्या ह्यांची बदलून जाईन. वाटेतच आहे."

"कशी बदलाल?" वन्संनी विचारलं. आवाज वॉर्डातला होता.

"गुडघा वर घ्यायचा, चादरीलाच धरून आपल्याकडे ओढायचं. माणसाला नाही ओढायचं."

"आणि टाचेखाली?"

"उशी. पण टाच मोकळी राहिली पाहिजे."

वन्सं खुर्चीत जरा मागे टेकल्या. बेकरीवालीच्या मागे मास्तर होते. त्यांना दुपारी हिला वाचून दाखवायचंच असतं, ते दोघांना मिळून वाचतील, हिलाही सोबत होईल. त्यांच्या मागे कंत्राटदार. ते स्वतः काही करू शकत नाहीत असं त्यांना वाटत होतं, पण आईला उचलायला ठेवलेली दोन दणकट माणसं संध्याकाळी थोरल्याला आंघोळ घालून जातील, आणि हवं तर तेही येतील, उचलण्यापुरते.

"कोट काढून या," धाकटी म्हणाली.

दाराबाहेर आणखी माणसं उभी होती. या मंडळीत कुणी कुणासाठी असं दाराशी ताटकळलेलं धाकट्याने आजवर बघितलं नव्हतं. तो बहिणीकडे वळला.

"ताई, दादाला नको नेऊ या," तो म्हणाला. "त्याची खोली खाली आणतो मी. इस्त्रीच्या टेबलाजवळची. दिवसभर कुणी ना कुणी असतंच तिथे. आणि चादरी खाली मशीनमध्ये पडतील, सरळ."

"मशीन बंद आहे," धाकटी म्हणाली.

"उद्या कारागीर येतोय गं."

वन्संनी थंडगार झालेला चहा एका घोटात संपवला.

"माझी एक अट आहे," त्या म्हणाल्या. "वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन. पुढच्याच आठवड्यात, माझ्या इस्पितळात, मी बाजूला उभी राहून. त्यातून पळवाट काढायची नाही."

"तोवर यांच्यापाशी कोण?"

"वहिनी, जरा बाहेर बघा," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नसतील तर मी मोजून सांगते."

थोरलीने मग वन्संचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघींनी लग्नानंतर इतक्या वर्षांत एकमेकींचा हात असा कधी धरला नव्हता.

*

थोरली ऑपरेशन करून घरी आली त्या दिवशी संध्याकाळी मागच्या दाराची कडी वाजली. सवयीने ती थोडी थांबली, वाजवणाऱ्याला निघून जायला वेळ द्यावा म्हणून. कडी पुन्हा वाजली.

तिने दार उघडलं. पायरीवर बेकरीवाली गाठोडं घेऊन उभी होती आणि तिच्यामागे मास्तरीणबाईंचा हात धरून मास्तर.

"आम्ही पळून जाणार नाही," बेकरीवाली म्हणाली. "तुमच्या सासूबाई वरून रागावल्या तरी चालेल. मशीन नीट झालंय, पण आज तुम्ही धुवायचं नाही म्हणून आम्ही धुतलं. इस्त्री मास्तरांनी केली."

थोरलीने गाठोडं सोडलं. एका डोळ्यावर अजून पट्टी होती, पण आधी ऑपरेशन झालेल्या दुसऱ्या डोळ्याला दिवा लावल्यासारखं दिसत होतं. इस्त्री भयंकर होती. घडी तिरकी होती, मधोमध भली मोठी चुणी होती. आणि चादर तिची नव्हतीच. ती फुलाफुलांची होती, लाल आणि पिवळी, आणि हे दोन्ही रंग तिला ओळखता आले.

"बदलली वाटतं," बेकरीवाली गडबडली. "थांबा, मी तुमची घेऊन येते."

"राहू दे," थोरली म्हणाली.

आत इस्त्रीच्या टेबलाजवळ थोरला पडला होता. धाकटीने त्याला अलीकडे वळवलं, बेकरीवालीने गुडघा वर घेतला, थोरलीने त्याच्या खालून ती चादर सरकवली आणि मास्तरांनी आपल्याच इस्त्रीच्या चुण्या, जणू दुसऱ्या कुणी पाडल्या असाव्यात तशा, हाताने सारख्या केल्या. थोरल्याने मान वळवली. त्याचा धड असलेला हात चादरीवरून फिरला, एका फुलावर थांबला.

"आपली नाही ती," थोरली त्याच्या कानाशी म्हणाली. "मंडळीतली आहे."

त्याने एकेकाकडे बघितलं. सगळ्यांवरून नजर फिरवून तो परत तिच्यापाशी आला.

"बरं," तो म्हणाला, आणि याचा अर्थ काय ते त्या दिवशी थोरलीला कुणाला सांगावं लागलं नाही.